१२३४एच वर ५ लिहायचे आहेत, पण कोणाच्या १२३४एच वर?

असेम्ब्ली भाषेतला तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटेलच्या जुन्या ८०८५ प्रोसेसरच्या किटवर ‘एमव्हीआय ए, ०५’ आणि ‘एसटीए १२३४’ या दोन ओळींत मेमरीतल्या १२३४एच (एच म्हणजे आकडा हेक्समध्ये, १६ च्या पायावर) या पत्त्यावर ५ लिहिता येत होते. त्यानंतरच्या ८०८६ वर तेच करायला ‘मूव्ह [१२३४एच], ५’ लिहिलं तर नाझम हा असेम्ब्लर (ओळींचा मशीन कोड करणारा प्रोग्राम) ‘ऑपरेशन साइझ नॉट स्पेसिफाइड’ म्हणून अडतो. तीच ओळ मास्म या दुसऱ्या असेम्ब्लरला दिली तर ‘इमीजिएट ऑपरंड नॉट अलाउड’. मग ‘बाइट’ हा शब्द घालून लिनक्सवर ६४ बिटमध्ये असेंबल केलं, ते झालंही, पण चालवल्याबरोबर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. एक आकडा एका पत्त्यावर ठेवायचा, त्यात एवढं काय आहे?

काम अजूनही साधंच आहे. फरक इतकाच की ८०८५ वर तीन गोष्टी तुम्हाला न विचारताच ठरलेल्या होत्या: किती बाइट लिहायचे, पत्ता कुठून मोजायचा, आणि मध्ये अडवणारं कोणी आहे का. ८०८६ ने पहिल्या दोन तुमच्या गळ्यात घातल्या, आणि ऑपरेटिंग सिस्टिमने तिसरी स्वतःच्या हातात ठेवली. तुम्हाला आलेल्या तिन्ही एरर म्हणजे जवळपास हेच तीन प्रश्न आहेत, म्हणून त्याच क्रमाने जातो. (खाली सगळ्या ओळी देवनागरीत लिहिल्या आहेत. असेम्ब्लरला अर्थातच रोमन अक्षरं द्यायची.)

आधी ८०८५ वर काय होत होतं ते बघा. तुमच्या दोन ओळींचा मशीन कोड होतो:

३ई ०५
३२ ३४ १२

३ई म्हणजे पुढचा बाइट अॅक्युम्युलेटरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या मुख्य रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या छोट्या जागेत) घे. ३२ म्हणजे पुढच्या दोन बाइटमध्ये जो पत्ता आहे, तिथे अॅक्युम्युलेटर ठेव. पत्त्याचा खालचा भाग ३४ आधी आणि वरचा १२ नंतर, हे उलटं दिसतं पण पुढे कामाला येणार आहे. प्रोसेसर १२३४ हा आकडा १६ अॅड्रेस लाइनवर ठेवतो, ०५ डेटा लाइनवर ठेवतो, राइटची लाइन खाली ओढतो, संपलं. अॅक्युम्युलेटर ८ बिटचाच, त्यामुळे ‘किती बाइट’ हा प्रश्न उद्भवतच नाही. पत्ते एकूण ६५,५३६, त्यामुळे ‘कुठून मोजायचं’ हाही नाही.

आता ८०८६. ‘मूव्ह [१२३४एच], ५’ या ओळीत पत्ता आहे, आकडा आहे, पण तो ५ एका बाइटचा की दोन बाइटचा, हे कुठेच नाही. दोन्ही शक्य आहेत आणि दोन्हींचा कोड वेगळा होतो:

मूव्ह बाइट [१२३४एच], ५ → सी६ ०६ ३४ १२ ०५
मूव्ह वर्ड [१२३४एच], ५ → सी७ ०६ ३४ १२ ०५ ००

दुसऱ्या ओळीतला शेवटचा ०० नीट बघा. तो शून्य १२३५एच वर जाऊन बसतो. तिथे तुमचं दुसरं व्हेरिएबल असेल तर ते गेलं. एरर घालवायची म्हणून हाताला लागेल तो शब्द, बऱ्याचदा ‘वर्ड’, ठोकून देणारे मी खूप पाहिलेत. प्रोग्राम असेंबल होतो, चालतोही, आणि दोन दिवसांनी शेजारचा काउंटर आपोआप शून्य का होतो म्हणून शोध सुरू होतो. नाझम इथे अडून बसतो हे त्याचे उपकार समजा.

आकडा आधी रजिस्टरमध्ये घेतला तर हा प्रश्न येत नाही, कारण रजिस्टरच्या नावातच आकार आहे:

मूव्ह एएल, ५ → बी० ०५
मूव्ह [१२३४एच], एएल → ए२ ३४ १२

एएल म्हणजे एक बाइट, एएक्स म्हणजे दोन. हा कोड ८०८५ च्या कोडशेजारी ठेवून बघा: दोन ओळी, पाच बाइट, फक्त ३ई च्या जागी बी० आणि ३२ च्या जागी ए२. हा योगायोग नाही. १९७८ मध्ये ८०८६ आला तेव्हा जुन्या ८०८० आणि ८०८५ चे सोर्स प्रोग्राम यंत्राकडूनच रूपांतरित करून घेता यावेत अशी इंटेलची योजना होती. एएल हा त्या जुन्या अॅक्युम्युलेटरचाच वारस, म्हणून त्याच्यासाठी हा आखूड कोड राखून ठेवलेला आहे. एएल किंवा एएक्स सोडून दुसऱ्या कुठल्याही रजिस्टरने याच पत्त्यावर लिहिलंत तर एक बाइट जास्त लागतो.

मास्मची एरर मात्र वेगळ्या कारणाने आली. मास्मच्या लेखी नुसत्या आकड्याभोवतीच्या चौकोनी कंसाला किंमत नाही. [१२३४एच] आणि १२३४एच त्याला सारखेच. त्यामुळे तुमची ओळ त्याला ‘१२३४ या आकड्यात ५ ठेव’ अशी वाचता आली, आणि आकड्यात काही ठेवता येत नाही असं तो म्हणाला. सेगमेंटचं नाव घातलं की त्याला हा पत्ता आहे हे कळतं:

मूव्ह बाइट पीटीआर डीएस:[१२३४एच], ५

लिहिताना निदान एरर तरी येते. वाचताना हा स्वभाव खरा त्रास देतो. ‘मूव्ह एएल, [१२एच]’ असं लिहिलंत तर मास्म हू की चू न करता एएलमध्ये १२एच हा आकडाच भरतो, मेमरीकडे बघतसुद्धा नाही. नाझममध्ये कंस म्हणजे मेमरी, कंस नाही म्हणजे आकडा किंवा पत्ता, बस. एटी अँड टी या असेम्ब्ली लिहिण्याच्या दुसऱ्या पद्धतीत नेमकं उलटं: आकड्याच्या आधी डॉलरचं चिन्ह असेल तरच तो आकडा, नसेल तर पत्ता. एका असेम्ब्लरसाठी लिहिलेली ओळ उचलून दुसऱ्याला देण्याआधी एवढं तपासा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे थोडं रेंगाळायला हवं. ८०८६ ला २० अॅड्रेस लाइन आहेत, म्हणजे १ मेगाबाइट मेमरी, पण रजिस्टर सगळी १६ बिटची. त्यामुळे पत्ता दोन तुकड्यांत देतात: सेगमेंट गुणिले १६, अधिक ऑफसेट. तुम्ही लिहिलेला १२३४एच हा फक्त ऑफसेट आहे. खरा पत्ता त्या क्षणी डीएस या सेगमेंट रजिस्टरमध्ये काय आहे त्यावर ठरतो. समजा डीएसमध्ये ०७३एफएच आहे. त्याला १६ ने गुणलं, म्हणजे हेक्समध्ये शेवटी एक शून्य लावलं, की ०७३एफ०एच. त्यात १२३४एच मिळवले की ०८६२४एच. तुमचे ५ तिथे गेले. १२३४एच या भौतिक पत्त्यावर काहीच घडलेलं नाही.

भौतिक १२३४एचच हवा असेल तर डीएस शून्य करावा लागेल, किंवा डीएस ०१२३एच आणि ऑफसेट ४. दोन्ही एकाच जागी पोचतात. डीएसमध्ये थेट आकडा भरणारी सूचनाच नाही, तो सहसा दुसऱ्या रजिस्टरमधून नेतात:

मूव्ह एएक्स, ०
मूव्ह डीएस, एएक्स
मूव्ह बाइट [१२३४एच], ५

हे डॉसखाली करू नका मात्र. मेमरीचा तो सगळा खालचा पट्टा आधीच वाटला गेलेला असतो. पहिल्या १०२४ बाइटमध्ये इंटरप्ट व्हेक्टरचं टेबल असतं, २५६ नोंदी, प्रत्येकी चार बाइट. पत्ता ० वर काही लिहिलंत तर शून्याने भागल्यावर कुठे जायचं याची नोंद बिघडते, आणि ते कळतं कधी, तर भागाकार फसेल तेव्हा. ४००एच पासून बायॉसचा स्वतःचा डेटा, आणि त्याच्या वर सहसा डॉसचं सामान.

उलट, तुम्ही डॉसची कॉम फाइल (छोट्या प्रोग्रामचा साधा प्रकार) करत असाल तर चारही सेगमेंट रजिस्टर एकाच जागी रोखलेली असतात, प्रोग्राम १००एच या ऑफसेटपासून सुरू होतो आणि स्टॅक वरच्या टोकाला असतो. छोट्या प्रोग्राममध्ये १२३४एच ही तुमचीच मोकळी जागा असते, खुशाल लिहा. ईएक्सई असेल तर सुरुवातीला डीएस तुमच्या डेटावर नसतोच, तो प्रोग्रामच्या आधी डॉसने ठेवलेल्या २५६ बाइटच्या तुकड्यावर असतो. डीएस लावायला विसरलात की ‘व्हेरिएबलमध्ये लिहिलेलं दिसत नाही’ ही तक्रार हमखास. लिहिलेलं असतं, पण बऱ्याचदा तुमच्याच कोडच्या मध्यावर.

याच घरातली आणखी एक खोड: पत्ता रजिस्टरमध्ये ठेवायचा असेल तर १६ बिटमध्ये बीएक्स, एसआय, डीआय आणि बीपी एवढेच चालतात. [एएक्स] किंवा [डीएक्स] असं लिहिता येत नाही. आणि बीपी वापरलात तर प्रोसेसर डीएसऐवजी एसएस घेतो, म्हणजे लिहिणं स्टॅकच्या सेगमेंटमध्ये होतं. कॉम फाइलमध्ये दोन्ही एकच असल्याने चूक लपून राहते, आणि तोच कोड ईएक्सईमध्ये नेला की बाहेर येते.

ठरावीक पत्त्यावर लिहिण्याची खरी गंमत बघायची तर स्क्रीनवर लिहा. रंगीत टेक्स्ट मोडमध्ये व्हीजीएची मेमरी बी८०००एच पासून असते. ८० अक्षरांच्या २५ ओळी, प्रत्येक अक्षराला दोन बाइट: पहिला अक्षराचा कोड, दुसरा रंग. मधोमध, म्हणजे शून्यापासून मोजून १२ व्या ओळीच्या ४० व्या खान्यात लिहायचं तर ऑफसेट (१२ × ८० + ४०) × २, बरोबर २०००.

मूव्ह एएक्स, ०बी८००एच
मूव्ह ईएस, एएक्स
मूव्ह वर्ड [ईएस:२०००], १एफ४१एच

ईएस हे आणखी एक सेगमेंट रजिस्टर. सेगमेंट बी८०० आहे, बी८००० नव्हे, शेवटचं शून्य प्रोसेसर लावतो. बी च्या आधीचं शून्य असेम्ब्लरसाठी आहे, ते नसेल तर तो बी८००एच हे एखाद्या लेबलचं नाव समजतो. आता तो १एफ४१. मेमरीत खालचा बाइट आधी जातो, म्हणून २००० वर ४१ आणि २००१ वर १एफ. ४१ म्हणजे इंग्रजी वर्णमालेतलं पहिलं मोठं अक्षर, १एफ म्हणजे निळ्यावर ठळक पांढरं. ४११एफ असं उलटं लिहिलंत तर भलतंच चिन्ह भलत्याच रंगात उमटतं. बाइटचा क्रम पाठ करण्यापेक्षा ही चूक एकदा मुद्दाम करून बघा, आयुष्यभर विसरणार नाही. प्रयोग डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्येच करा. आजच्या यूईएफआयवर सुरू होणाऱ्या संगणकात हा टेक्स्ट मोड असेलच असं नाही.

तिसरा प्रश्न, सेगमेंटेशन फॉल्ट. लिनक्स किंवा विंडोजवर तुमच्या प्रोग्रामला दिसणारे पत्ते आभासी असतात. मेमरी सहसा ४०९६ बाइटच्या पानांत वाटलेली, आणि कुठलं आभासी पान कुठल्या खऱ्या पानावर बसवायचं हे कर्नलने पेज टेबलमध्ये लिहून ठेवलेलं. १२३४एच हा पत्ता १०००एच पासून सुरू होणाऱ्या पानात पडतो, आणि ते पान तुमच्या प्रोग्रामला दिलेलंच नसतं. प्रोसेसर तिथेच थांबून कर्नलला हाक मारतो, कर्नल प्रोग्राम बंद करतो. विंडोजवर हेच सी००००००५ या कोडाने दिसतं. तळाचा ६४ किलोबाइटचा पट्टा विंडोजवर तर बंदच असतो, आणि लिनक्सवरही सामान्य युजरला तो सहसा मागून मिळत नाही. रिकाम्या पॉइंटरवर लिहिणारा प्रोग्राम तिथल्या तिथे पकडला जावा म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे.

त्यामुळे इथे पत्ता तुम्ही ठरवूच नका. बीएसएस विभागात (सुरुवातीला शून्य असणाऱ्या डेटाच्या जागेत) एक बाइट राखून घ्या, त्याला लेबल द्या, आणि लेबलावर लिहा:

मूव्ह बाइट [आरईएल जागा], ५

‘जागा’ कुठे बसवायची ते लिंकर आणि लोडर बघतील. ठरावीक आभासी पत्ताच हवा असा हट्ट असेल तर एममॅप या सिस्टिम कॉलला तो पत्ता सांगून पान मागता येतं, पण भौतिक मेमरीतली जागा तरीही कर्नलच ठरवणार. हार्डवेअरच्या भौतिक पत्त्यावर लिहायचं तर ते ड्रायव्हरचं काम आहे. ६४ बिटची एक बारीक अडचण जाता जाता सांगतो: पूर्ण ६४ बिटचा आकडा एका सूचनेत थेट मेमरीत टाकता येत नाही. ३२ बिटचा चालतो, तो चिन्हासकट ताणून ६४ केला जातो. मोठा आकडा रजिस्टरमधूनच न्यावा लागतो.

मग आज ठरावीक पत्त्यावर लिहायचं काम उरलंय कुठे? मायक्रोकंट्रोलरवर, आणि तिथे दिवसभर तेच चालतं. पण तिथल्या अनेक पत्त्यांमागे मेमरी नसतेच. पत्त्यावर लिहिणं म्हणजे यंत्राला हुकूम देणं. एआरएम प्रोसेसरच्या एसटीएम३२एफ४ डिस्कव्हरी बोर्डवरचा हिरवा एलईडी पोर्ट डीच्या १२ व्या पिनवर आहे. तो लावायला पोर्टच्या ४००२०सी१८ या पत्त्यावर १००० हेक्स लिहायचे, विझवायला त्याच पत्त्यावर १००००००० हेक्स. दोन्ही वेळा लिहिलेला आकडा तिथे राहत नाही. नंतर वाचायला गेलात तर शून्य मिळतं. खालच्या १६ बिटांतला १ म्हणजे ‘ही पिन वर कर’, वरच्या १६ मधला १ म्हणजे ‘खाली कर’, आणि शून्य म्हणजे ‘हिला हात लावू नको’.

एलडीआर आर०, =०एक्स४००२०सी१८
एमओव्ही आर१, #०एक्स१०००
एसटीआर आर१, [आर०]

एआरएममध्ये मेमरीशी बोलणाऱ्या सूचना वेगळ्या, आकडेमोडीच्या वेगळ्या. पत्ता आधी रजिस्टरमध्ये आणावाच लागतो, ३२ बिटचा पत्ता एका सूचनेत मावत नाही म्हणून ते बरोबरचं चिन्ह वापरून असेम्ब्लरकडे सोपवायचं. आकाराचा प्रश्न इथे सूचनेच्या नावातच मिटतो: एसटीआरबी एक बाइट, एसटीआरएच दोन, एसटीआर चार.

या तीन ओळी नव्या बोर्डवर चालवल्यात तर एलईडी लागणार नाही आणि एररही येणार नाही. पोर्ट डीचं क्लॉक बंद असतं. बंद क्लॉकच्या पोर्टवर लिहिलेलं हवेत जातं. आधी ४००२३८३० या पत्त्यावरचा तिसरा बिट लावायचा (मोजणी शून्यापासून), मग ४००२०सी०० मध्ये २५ आणि २४ या बिटांत ०१ ठेवून पिन आउटपुट करायची, मग वरच्या ओळी. क्लॉक चालू केल्याबरोबर पुढच्याच सूचनेत पोर्टवर लिहिलंत तर पहिलं लिहिणं हुकू शकतं, म्हणून मध्ये तेच क्लॉकचं रजिस्टर एकदा वाचून घ्यायची सवय ठेवा.

पत्ता एकच आणि जागा दोन, हे मला ८०५२ या मायक्रोकंट्रोलरने शिकवलं. त्यात ८०एच ते एफएफएच या पत्त्यांवर दोन वेगळ्या गोष्टी राहतात: थेट पत्ता दिला तर पोर्ट आणि टायमरची रजिस्टर, आर० किंवा आर१ मधून दिला तर साधी रॅम. एका कंट्रोल पॅनेलच्या प्रोग्राममध्ये आमचा बफर वाढला, म्हणून मी तो वरच्या रॅममध्ये ९०एच वर हलवला. भरायचा आणि वाचायचा कोड आर० मधूनच होता, तो चालला. फक्त बफर साफ करायची एक जुनी ओळ तशीच राहिली: ‘मूव्ह ९०एच, #०’. ९०एचला थेट लिहिलं की तो पोर्ट १. दर वेळी नवा संदेश आला की सगळे रिले टक करून पडायचे आणि पुढच्या फेरीत परत लागायचे. मी दीड दिवस पॉवर सप्लाय तपासत बसलो, कपॅसिटर बदलले. दुरुस्ती दोन ओळींची होती:

मूव्ह आर०, #९०एच
मूव्ह @आर०, #०

तेव्हापासून लिहिल्यावर मी डीबगरमध्ये ती जागा उघडून बघतो, आणि शेजारचे दोन बाइटही बघतो. तुमच्या मूळ प्रश्नासाठी हे डॉसच्या डीबगमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. आधी ‘ई १२३४’ देऊन १२३४ आणि १२३५ दोन्हीकडे एफएफ भरा. मग ‘ए १००’ देऊन ‘मूव्ह बाइट पीटीआर [१२३४], ५’ टाइप करा, इथे सगळे आकडे हेक्सच असतात, एच लावायचा नाही. ‘टी=१००’ ने एक पाऊल चालवा आणि ‘डी १२३४’ ने मेमरी बघा. ०५ एफएफ दिसलं तर एक बाइट लिहिला गेला. मग तेच ‘वर्ड’ घालून करा आणि त्या एफएफच्या जागी काय येतं ते बघा.